चौथा ठोका

कुहूला पहिला घास भरवायला मामा हवा, आणि अन्विताला तर भाऊच नाही. घाटावरच्या तिच्या माहेरी दोघी बहिणीच. मग तो मान आपसूक केतनमामांकडे गेला. ते ईशानचे मामा, म्हणजे कुहूच्या बापाचे; पण शिरखार गावात केतन मोकल म्हटलं की सगळ्यांचेच मामा.

सात महिन्यांची कुहू त्यांच्या मांडीवर राजासारखी बसली होती. मामांनी बोटातली अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. कुहूने आधी तोंड वाकडं केलं, मग चव कळल्यावर दोन्ही हातांनी मामांचं बोटच धरलं.

"काय गो घाटी, पोरीला उपाशी ठेवतेस काय?" मामा अन्विताकडे बघून ओरडले. "बोट खाऊन टाकील माझं!"

"खाऊ दे की. तुमच्या ताईंच्या हातची खीर आहे, सुटेल कशी?" अन्विता म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात तिच्या सासूबाई, प्राचीताई उभ्या होत्या. चौसष्ट वर्षांच्या, सडसडीत, कपाळावर घाम. धाकट्या भावाकडे त्या बघत होत्या ते अजूनही त्याचं नाक पुसायचं राहिलंय अशा नजरेने.

या मामांना अन्विता पाच वर्षं ओळखत होती आणि तिला ते आवडायचे. पण त्यांची एक जुनी गोष्टही होती, आणि ती लपलेली नव्हती. सोळा वर्षांपूर्वी सरकारने जाहीर केलं की समुद्र फार वर आलाय, खाडीकाठच्या बासष्ट गावांचे बांध यापुढे राखता येणार नाहीत, खलाटीतल्या, म्हणजे सखल किनाऱ्यावरच्या, लोकांनी वर डोंगराकडच्या वलाटीत राहायला जावं. अर्धी खलाटी पेटून उठली. खारसेना उभी राहिली आणि केतन मोकल तिचे एक सेनापती झाले. दोन वर्षं युद्ध चाललं. जायला तयार असलेली गावं फितूर ठरली. नऊ हजार माणसं गेली, तेव्हा कुठे करार झाला.

करारात कुणालाच शिक्षा नव्हती. ज्याने जे केलं ते त्याने लेखी निवेदनात सांगायचं. सांगितलं ते माफ. लपवलं तर मात्र माफी नाही, अशी एक ओळ शेवटी होती, पण ती वाचायला कुणाला सवड होती! गोळ्या थांबल्या. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि ते काही चूक नव्हतं.

मग वर्षं गेली. सेनापतींना खुर्च्या मिळाल्या, शाळांना त्यांची नावं मिळाली. केतनमामा किनारा मंडळाचे अध्यक्ष झाले. युद्धात, जायला तयार असलेल्या माणखार गावाचा बांध फुटला, कागदोपत्री उधाणाने, आणि त्रेसष्ट माणसं भर दुपारी बुडाली. त्यातून जे वाचले, त्यांना नव्या ठिकाणच्या रहिवासाच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा तो 'माननीय अध्यक्ष श्री. केतन मोकल यांस' असाच करावा लागे.

जेवणं झाल्यावर प्राचीताईंनी भावापुढे पानाचा डबा ठेवला आणि विचारलं, "सांबरीला तुझी पोरं कशाला फिरतायत रे?"

सांबरी हे शेजारचं गाव. तिथल्या दोनशे बारा घरांनी आपणहून वर जायचं ठरवलं होतं. येत्या पौर्णिमेच्या उधाणाआधी, म्हणजे तीन आठवड्यांत. पण गेल्या पंधरवड्यात मोटरसायकलवरून पोरं येऊन दारादारात एवढंच विचारून जात होती, "माणखार आठवतं ना?" दोनशे बारांपैकी दीडशे घरांनी यादीतून नावं मागे घेतली होती.

"माझी कुठली? पोरं आहेत. रक्त गरम आहे," मामा पानाला चुना लावत म्हणाले.

"तू सांगितलंस तर थांबतील."

"अगो ताई, कशाला घाबरतेस? मागच्या वेळी आम्हाला काय झालं? सही केली, चहा प्यायलो, घरी आलो."

सगळे हसले. ईशान सगळ्यांत मोठ्याने हसला. अन्विताही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि आत निघून गेल्या.

अन्विता बांध निरीक्षण केंद्रात काम करत असे. तिचं काम लोकांना समजावून सांगायचं झालं तर ती म्हणायची, "मी बांधाचे कान तपासते."

खाडीच्या बांधांच्या पोटात वीस वर्षांपूर्वी काचेची तार पुरलेली होती, कुठे पाणी झिरपतंय ते कळावं म्हणून. त्या तारेत सेकंदाला हजार वेळा प्रकाशाचा ठिपका सोडायचा. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात बारीक बारीक खोट असतेच. त्या खोटीवर आपटून प्रकाशाचा अगदी थोडा भाग मागे येतो. बांधावर कुणी पाऊल टाकलं की चिखल दबतो, चिखलाबरोबर तार न दिसण्याइतकी ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश किंचित बदलतो. किती बदलला त्यावरून धक्का केवढा ते कळतं. यायला किती वेळ लागला त्यावरून तो कुठल्या मीटरवर बसला ते. म्हणजे चार किलोमीटरच्या बांधाला चार हजार कान.

अडचण एकच. भरतीच्या पाण्याचा गोंगाट एवढा की त्यात बाकी काही ऐकूच येत नसे. जुन्या नोंदी म्हणूनच कुणी उघडल्या नव्हत्या. युद्धाच्या काळातल्या तर कपाटात पडून होत्या. अन्विताने तीन वर्षं दर भरतीला आणि दर ओहोटीला माणसांना बांधावरून चालायला लावलं होतं, हलकी, जड, अनवाणी, बूट घातलेली. ओला चिखल कसा बोलतो आणि सुका कसा, हे तिने गणिताला शिकवलं होतं. आता ते गणित कुठल्याही नोंदीतून भरतीचा गोंगाट वजा करू शकत असे. उरत ती फक्त माणसं. आवाज नव्हेत हं, बोलणं चिखलाला ऐकू येत नाही. त्याला फक्त पाय ऐकू येतात, आणि घाव.

सांबरीचा बांध कमकुवत होता. बांध फुटण्याआधी तास-दीड तास काय काय घडतं ते कळलं, तर तिथे वेळेवर इशारा देता आला असता. आणि बांध फुटतानाची पुरी नोंद खाडीकाठी एकच होती, माणखारची. म्हणून अन्विताने ती उघडली, दुसरा कुठलाच हेतू तिच्या मनात नव्हता.

तिला पाणी ऐकायचं होतं. ऐकू आली ती पावलं. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी शिरखारच्या बाजूने चार माणसं आली. उघाडीशी थांबली. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, एकावर एक सरकवलेल्या जाड फळ्यांचं. साखळी ओढल्याची थरथर. फळ्या वर गेल्याचे धक्के, एकेक करून सगळ्या. मग चार घाव, जड. आणि त्यानंतर सहाशे चाळीस मीटरवरून, माणखारच्या टोकाकडून, पाच जलद घाव. मग चार माणसं पळत परत. मग घरघर, ती वाढत गेली, आणि बारा एकतीसला सगळं शांत. तार तुटली होती.

बांध उधाणाने फुटला नव्हता, तो कुणीतरी दार उघडून फोडला होता. एवढं अन्विताला कळलं. ते घाव कसले, ते मात्र कळेना. घाटावर वाढलेल्या मुलीला कळणार कसं! आणि इथेच तिच्याकडून ती गोष्ट घडली, जी ती पुढे कितीतरी दिवस मनात उलटीपालटी करत राहिली. तिने ती नोंद घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीताई ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसल्या होत्या. कुहू अन्विताच्या मांडीवर पिता पिता झोपली होती.

"आई, जरा एक ऐकता का? बांधावरचा जुना आवाज आहे. हे काय असेल, तुम्हाला कळेल."

"माझे हात बघ गो. कानाला तूच लाव."

अन्विताने हेडफोन त्यांच्या कानांना लावले आणि नोंद सुरू केली. प्राचीताई करंदी सोलत ऐकू लागल्या. एकाएकी त्यांची बोटं थांबली. त्यांनी मानेनेच सांगितलं, परत लाव. परत ऐकलं. मग उठल्या, बादलीतल्या पाण्याने हात धुतले, पदराला पुसले, आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने कान दाबून डोळे मिटून ऐकलं.

"कुठला आहे हा?" त्यांनी विचारलं.

अन्विताने सांगितलं. सांगताना तिला त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

"हे धुमशीचे ठोके आहेत," प्राचीताई म्हणाल्या. "धुमस माहीत आहे ना, चिखल ठोकायचं जड लाकूड? उघाडीच्या फळ्या हलवल्या की चौकटीभोवतीचा चिखल सुटतो. तो तिथल्या तिथे ठोकून बसवला नाही तर चौकट जाते. म्हणून फळी हलवली की हात लगेच धुमशीकडे जातो. श्वास घेतो तसं. आणि प्रत्येक घराचे ठोके वेगळे. ऐकणाऱ्याला कळावं, कोण आहे दारावर. दुसऱ्या टोकाचा राखणदार उलट ठोके देतो, ऐकलं म्हणून."

"मग हे पाच?"

"हा सुनीलतात्या भोईर. माणखारच्या टोकाला तो असायचा." त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "कोळंबीच्या तळ्यांना खारं पाणी घ्यायला कधी कधी भरतीला फळी उचलतात. त्याला वाटलं असेल तेच. ओळखीचे ठोके ऐकले, उलट उत्तर दिलं, आणि जेवायला गेला असेल बिचारा. त्याचं प्रेतही नाही सापडलं."

"आणि आधीचे चार?"

प्राचीताईंनी झोपलेल्या कुहूच्या पायावरचं दुपटं सारखं केलं. "आमच्या घरचे. मोकलांचे चार. पण नीट ऐक. तीन सलग आहेत, चौथा थांबून. घरात असं कुणी ठोकत नव्हतं, फक्त केतन. आठ वर्षांचा होता तो, धुमस त्याच्याहून जड. तीन कसेबसे मारायचा आणि दमायचा. चौथ्याला मी मागून येऊन हात लावायचे. तो वर उचलून माझी वाट बघायचा." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा. "मोठा झाला, पहिलवान झाला, तरी ते थांबणं राहिलंच हातात. आम्ही चिडवायचो त्याला."

त्रेसष्ट माणसांवर समुद्र सोडायला आलेला माणूस चौकट सुटू नये म्हणून ठोके घालून गेला होता. त्याच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

"आई," अन्विता घाईने म्हणाली, "यंत्राला नाव कळत नाही. मी अहवालात 'चार अनोळखी इसम' लिहीन. ते खोटं ठरणार नाही. तुम्ही काही ऐकलंच नाही असं समजा."

"तू काय लिहायचं ते तू बघ," प्राचीताई म्हणाल्या. "पण मी ऐकलं, बाय." आणि त्यांनी पुन्हा करंदी जवळ ओढली. उरलेली सगळी सोलून झाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.

ईशानला संध्याकाळी कळलं. आईनेच सांगितलं. त्याने आधी हसून बघितलं, मग यंत्राला शिव्या घातल्या, मग तो अन्विताकडे वळला.

"तुला कुणी सांगितलं होतं ते उकरून काढायला?"

"मी पाणी शोधत होते, ईशान."

"मी चार वर्षांचा होतो बाबा काविळीने गेले तेव्हा. या माणसाने मला खांद्यावर बसवून खाडी दाखवली. पोहायला शिकवलं. परवा माझ्या पोरीला भरवलं त्याने!"

"मला माहीत आहे. मी तिथेच होते."

"आणि करार? एकाला धरलंत की बाकीच्यांना वाटेल आता आपली पाळी. बंदुका परत निघतील."

"बंदुका निघाल्याच आहेत रे," प्राचीताई म्हणाल्या. त्या खाटेवर बसून कुहूच्या पायांना तेल लावत होत्या. "सांबरीत जाऊन बघ. चौदा वर्षांपूर्वी मीही तुझ्यासारखंच म्हणाले होते, जाऊ दे, गोळ्या थांबल्या ना. माणखारची बाई रस्त्यात दिसली की मी पलीकडून जायचे. पण तिने तरी किती दिवस मान खाली घालायची? तिचं गेलं ते गेलंच, वर ज्याच्यामुळे गेलं त्यालाच नमस्कार. आणि केतनला कुणी एक शब्द विचारला नाही, तर त्याला वाटायला लागलं, विचारण्यासारखं आपण काही केलंच नाही. आता ती मोटरसायकलवाली पोरं त्याच्याकडे बघून शिकतायत."

"तो तुझा भाऊ आहे, आई."

"म्हणून तर. परक्याला ते ठोके ओळखताच येणार नाहीत."

ईशानने चपला घातल्या आणि तो मित्राकडे राहायला गेला. त्या दिवसापासून तो आईशी बोलेना. अन्विताशी बोलायचा, पण फोनवर, तेही कुहूपुरतं: दूध प्यायली का, सर्दी गेली का.

अन्विताने अहवाल लिहायला घेतला. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती, घराची, नवऱ्याची, मांडीवरच्या पोरीची. 'अनोळखी' हा शब्द तिने दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. शेवटी तिने लिहिलं: 'ठोक्यांची ओळख पटवू शकेल अशी एक व्यक्ती आहे. ती साक्षीला तयार आहे.' खाली सही केली. सही करताना तिला वाटलं, आपण तीन वर्षं खपून जे यंत्र बनवलं ते सासूबाईंपुढे खेळणं आहे. यंत्राने फक्त ऐकलं. ऐकल्यावर जे करायचं असतं ते त्या करणार होत्या.

करारातली निवेदनं जपायला एक नोंद समिती होती. चौदा वर्षांत तिच्यापुढे कुणी फारसं आलं नव्हतं. अन्विताचा अहवाल तिच्याकडे गेला, आणि उधाणाला आठ दिवस राहिले असताना तिची सुनावणी शिरखारच्या शाळेत बसली. शाळेच्या फाटकावर मामांचंच नाव होतं. सभागृह गच्च भरलं. पुढे खारसेनेची जुनी माणसं, मध्ये शिरखार, आणि अगदी मागे भिंतीला टेकून माणखारचे पंधरा-वीस जण, जे अशा जागी कधी येत नसत.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, वलाटीतल्या. त्यांनी आधी अन्विताला बोलावलं. तिने तार, प्रकाश, चिखल सगळं समजावलं. मग नोंद ऐकवली. चार ठोके सभागृहात घुमले तेव्हा शिरखारच्या म्हाताऱ्यांमध्ये चुळबुळ झाली. पाच उलट ठोके आले आणि मागे एक बाई हुंदका देऊन खाली बसली. ती सुनीलतात्यांची मुलगी होती. बापाची शेवटची खूण तिने चौदा वर्षांनी ऐकली होती.

मामांचे वकील उठले. "ठोके काय, कुणीही घालील. मोकलांच्या घरात तेव्हा सात पुरुष होते. आणि माझे अशील त्या दिवशी तिथे नव्हतेच, हे त्यांच्या निवेदनात स्पष्ट आहे."

"प्राची घरत," न्यायाधीश बाईंनी नाव पुकारलं.

प्राचीताई पुढे गेल्या. जाताना त्या भावाच्या खुर्चीजवळून गेल्या. मामा हसून म्हणाले, "ये ताई, बस. पाय दुखत असतील," आणि खरोखर स्वतःची खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत.

त्यांनी अन्विताला ओट्यावर जे सांगितलं होतं तेच सांगितलं, एक शब्द जास्त नाही. आठ वर्षांचा पोरगा, जड धुमस, तीन ठोके, चौथ्याला बहिणीचा हात. वकिलांनी विचारलं, "चाळीस वर्षांपूर्वीची आठवण तुम्ही आज शपथेवर सांगता? तुमचं भावाशी काही वाकडं आहे का?"

"वाकडं?" प्राचीताई म्हणाल्या. "परवाच माझ्या नातीला त्याने भरवलं. त्याला खीर आवडते म्हणून वाटीभर जास्त करून बरोबर दिली मी."

"मग इथे कशाला आलात?"

"ती थांबलेली जागा मला ओळखू आली म्हणून."

तेव्हा मामा उठले. वकिलांनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झिडकारला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं.

"ताई, तू हात लावायचीस म्हणून मी थांबायचो! ते तू इथे येऊन सांगतेस? सगळ्यांदेखत?"

प्राचीताई त्यांच्याकडे वळल्या.

"लहान होतास तेव्हा लावला रे हात. त्या दिवशी कुणाची वाट बघत होतास?"

मामांनी आपल्या हातांकडे बघितलं, आणि ते हळूहळू खाली बसले, बहिणीसाठी सरकवलेल्या खुर्चीतच.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं. माणखारची घटना निवेदनात नव्हती, म्हणून तिला माफीही नव्हती. केतन मोकलांना त्याच दुपारी ताब्यात घेतलं. खटला चालला, शिक्षा झाली. पण खरा धक्का दुसरीकडेच बसला. खाडीकाठी तार पुरलेले बांध होते दोनशे किलोमीटर, आणि त्यांच्या पोटात काय काय आहे हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, अन्वितालाही नाही. समितीने निवेदनं पुरी करायला एक महिन्याची मुदत दिली. महिन्याभरात एकोणीस जुने सेनापती स्वतःच्या पायांनी चालत आले आणि जे कधी बोलले नव्हते ते बोलले. कुणी रडत, कुणी चडफडत, पण बोलले. बुडालेल्यांची, पुरलेल्यांची ठिकाणं कळली. कितीतरी घरांनी चौदा वर्षं अडवून धरलेलं दिवसकार्य केलं.

युद्ध पेटलं नाही. पेटवणाऱ्याला आता घरी जाऊन चहा प्यायची खात्री उरली नव्हती, एवढंच.

सांबरीच्या यादीत नावं परत चढायला मात्र वेळ लागला. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी चार घरं. तिसऱ्या दिवशी अकरा. मोटरसायकली यायच्या थांबल्या होत्या, तरी लोक दारं अर्धीच उघडत. पौर्णिमेच्या सकाळी दोनशे बारांपैकी दोनशे तीन घरं निघाली.

प्राचीताई पहाटेपासून तिथे होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. भांडी पोत्यात भरायला त्या मदत करत होत्या. काही बायका त्यांच्या हातात भांडी देत, काही नुसत्या बघत आणि स्वतःच भरत. अन्विता कुहूला झोळीत बांधून बांधावरच्या यंत्राच्या खोक्याजवळ बसली होती, तारेवर कान ठेवून. दहाच्या सुमारास टेंपोंची रांग आली. तिसऱ्या टेंपोतून ईशान उतरला. त्याने बायकोकडे बघितलं, लेकीचं नाक चिमटीत धरलं आणि पहिलं कपाट पाठीवर घेतलं.

साडेअकराला भरती भरात येऊ लागली. शेवटचा टेंपो उभा होता, ईशानचाच. एक म्हातारी काखेत कोंबडी घेऊन लगबगीने आली आणि प्राचीताईंसमोर थांबली. डोळे बारीक करून तिने त्यांना निरखलं.

"तू केतन मोकलची बहीण ना?"

ईशान टेंपोच्या दारात उभा होता, त्याचा हात कडीवर तसाच राहिला. अन्विता अर्धी उठली.

"हो," प्राचीताई म्हणाल्या.

"मग धर ही," म्हातारीने कोंबडी त्यांच्या हातात कोंबली. "नीट धर, चोचते मेली. मला वर चढायचंय."

कोंबडी फडफडली. प्राचीताईंनी तिला छातीशी घट्ट धरलं, पदर सुटला तरी सोडली नाही. म्हातारी ईशानच्या खांद्याचा आधार घेत, कण्हत, टेंपोत चढली. मग त्याने आईकडे हात पुढे केला.

"चल आई," तो म्हणाला. "पाणी येतंय."